लोकवर्गणी आणि ल्यूपसचे संशोधन



विहीर खणायची झाली तर शेतकऱ्याला अर्ज करावा लागतो. शाळेला नवी खोली हवी असली तर मुख्याध्यापकांना अर्ज करावा लागतो. अर्ज, नकाशा, खर्चाचे अंदाजपत्रक, वरिष्ठांची शिफारस, हे सारे आपणांला नवे नाही. पण एखाद्या रोगाचे कारण शोधून काढायचे असले, तर त्यासाठीही कोणीतरी कोठेतरी असाच अर्ज केलेला असतो, जाणत्या माणसांनी बसून त्यावर खल केलेला असतो, आणि ज्या तिजोरीतून तो मंजूर व्हायचा तीत पुष्कळदा अनोळखी माणसांनी आपला पैसा टाकलेला असतो. औषधाची बाटली हाती येते तेव्हा तिच्यामागचा हा अर्ज आपणांस दिसत नाही. आज मी आपणांला या अर्जांचाच इतिहास सांगणार आहे, आणि तोही ल्यूपस नावाच्या एका रोगाच्या निमित्ताने. मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा औषधोपचार सांगणे हे माझे काम नाही. रोगावरचे ज्ञान कोणाच्या पैशाने आणि कोणत्या रीतीने वाढले, एवढेच मी सांगणार आहे.

आधी हा रोग कोणता ते पाहू. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक शक्ती असते. गावाची राखण करणारा जागल्या असावा तशी ती. चोर आला की त्याच्यावर तिने काठी उगारायची. आता कल्पना करा की, या जागल्याची ओळख बिघडली, आणि तो घरच्याच माणसांना चोर समजून बडवू लागला. ल्यूपसमध्ये असेच काहीसे होते. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. कोणाचे सांधे दुखतात, कोणाला दिवसेंदिवस बारीक ताप राहतो, कोणाचे केस झडतात, कोणाच्या दोन्ही गालांवर फुलपाखराने पंख पसरावेत तसा तांबूस चट्टा उठतो. पुढे मूत्रपिंड, हृदय, मेंदू यांपैकी कशालाही झळ लागू शकते. हा रोग संसर्गाने पसरत नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. दहा रोग्यांमध्ये सुमारे नऊ बायका असतात, आणि त्याही बहुधा ऐन उमेदीच्या, म्हणजे लेकरे वाढवण्याच्या आणि घर सांभाळण्याच्या वयातल्या.

‘ल्यूपस’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावर लांडग्याने लचका तोडावा तसे व्रण ज्या रोगात पडत, त्याला मध्ययुगातील युरोपीय वैद्य या नावाने ओळखत. पण एका नावाखाली दोन निराळे रोग नांदत होते. त्यांपैकी एक म्हणजे त्वचेचा क्षय. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांनी प्रखर प्रकाशाचे किरण एकवटून या त्वचेच्या क्षयावर उपचार शोधला. १८९६ साली तेथे प्रकाशोपचाराची संस्था निघाली, ती दोघा उद्योगपतींच्या देणग्यांच्या आधाराने. १९०३ साली फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा ल्यूपस म्हणजे आज आपण ज्याच्याविषयी बोलत आहोत तो. गंमत अशी की, पहिल्यावर प्रकाश हे औषध ठरले, तर दुसऱ्यात ऊन लागले की रोग बळावतो! नाव एक असले म्हणजे वस्तू एक असते असे नव्हे. संशोधन लागते ते याचसाठी.

हा दुसरा ल्यूपस केवळ कातडीचा रोग नाही, तो आतल्या इंद्रियांनाही धरतो, हे व्हिएन्नाच्या मॉरिट्झ कापोसी यांनी १८७२ साली मांडले. पुढे विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्यांनी त्याची अंतर्गत लक्षणे सविस्तर लिहून ठेवली. पण रोग ओळखण्याची परीक्षा मात्र नव्हती. ती हाती आली १९४८ साली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्‌ज आणि त्यांचे सहकारी रोग्यांची अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना त्यांना एक चमत्कारिक पेशी आढळली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रकच गिळलेले होते. हीच पुढे ल्यूपसची पेशी म्हणून प्रसिद्ध झाली. त्यानंतर लवकरच कॉर्टिसोन हे औषध आले. १९५१ साली इंग्लंडमधील फ्रान्सिस पेज यांनी हिवतापावरचे मेपाक्रीन हे औषध ल्यूपसच्या अठरा रोग्यांना दिले. त्यांपैकी बहुतेकांना गुण आल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. याच कुळातील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध १९५५ साली अमेरिकेत वापरात आले.

हे १९५५ साल जरा ध्यानात ठेवा. कारण त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील मार्गारेट मेरेल आणि लॉरेन्स शुलमन या दोघांनी ल्यूपसच्या ९९ रोग्यांचा हिशेब मांडला. रोग ओळखल्यापासून चार वर्षांनी किती जण हयात राहतात? उत्तर आले, शंभरांत ५१. म्हणजे जवळजवळ निम्मे रोगी चार वर्षांत दगावत. आणि त्याच १९५५ सालच्या १२ एप्रिल रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात जाहीर झाले की, पोलिओवर जोनास साल्क यांची लस गुणकारी आहे. लोकांनी आनंदाने घंटा वाजवल्या.

एका रोगाला लस मिळाली, दुसऱ्याला तोपर्यंत धड वालीही नव्हता. असे का झाले? पोलिओ सोपा होता म्हणून? तसे नव्हे. याचे एक मोठे कारण पैशाच्या व्यवस्थेत आहे. तेव्हा आपण थोडे मागे जाऊ.

आपणांस वाटेल, एका रोगासाठी निधी उभारावा आणि तो जगभरच्या शास्त्रज्ञांना वाटावा ही कल्पना परदेशातूनच आली असेल. पण या बाबतीत मुंबईचे नाव फार आधी घ्यावे लागते. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. या निधीच्या उत्पन्नाचे चार पंचमांश रक्ताच्या कर्करोगावर जगात कोठेही काम करणाऱ्या संशोधकांसाठी ठेवले, आणि एक पंचमांश हिंदुस्थानातील शास्त्रीय कामासाठी. रोगाला देश नसतो, तेव्हा त्याच्यावरच्या निधीलाही देशाची वेस नको, हा यातला विचार. सरकारी बाजूनेही आपल्याकडे १९११ सालीच इंडियन रिसर्च फंड असोसिएशन निघाली होती. तिचेच पुढे १९४९ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेत रूपांतर झाले.

टाटांचा निधी एका धनवंताचा होता. सामान्यांच्या नाण्यांतून काय होऊ शकते, ते १९३८ साली अमेरिकेत दिसले. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः पांगळे झालेले. त्यांच्या पुढाकाराने पोलिओसाठी राष्ट्रीय प्रतिष्ठान निघाले. त्या वर्षीच्या जानेवारीत एडी कँटर या विनोदी नटाने नभोवाणीवरून हाक दिली की, प्रत्येकाने एकेक ‘डाइम’, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट अध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावे. नभोवाणीचा प्रभाव किती असतो पाहा! पोत्यापोत्यांनी टपाल आले. २६ लाख ८० हजार नाणी जमली, म्हणजे २ लाख ६८ हजार डॉलर.

आपल्या महाराष्ट्राला ही रीत अपरिचित नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहांसाठी खेड्यापाड्यांतल्या आयाबायांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवले. मूठ लहान असते, पण पुष्कळ मुठी एक झाल्या म्हणजे कोठार भरते.

पण कोठार भरले म्हणजे पीक आले असे होत नाही. दाणा कोणत्या रानात टाकायचा हे ठरवावे लागते. पोलिओ प्रतिष्ठानाने हे ठरवण्यासाठी जाणत्या शास्त्रज्ञांची समिती नेमली. पैसा लोकांचा, पण तो कोणत्या कामाला द्यावा हे सांगणार त्या कामातले दर्दी, अशी ही वाटणी. याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. बोस्टनमध्ये जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांना या प्रतिष्ठानाचे अनुदान होते. वेलर कांजिण्यांच्या विषाणूवर प्रयोग करीत होते. काही परीक्षानळ्या उरल्या. शीतकपाटात पोलिओचा विषाणू ठेवलेला होता, तो त्यांनी त्या उरलेल्या नळ्यांत घातला, आणि तो वाढला! मज्जातंतूंच्या पेशींवाचून पोलिओचा विषाणू वाढवता येतो हे १९४९ साली सिद्ध झाले. लसीची वाट त्यामुळे मोकळी झाली. तिघांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अनुदान देणाऱ्याने संशोधकाच्या हाताला थोडी मोकळीक ठेवली, तर काय घडू शकते ते यावरून कळते.

आता ल्यूपसकडे वळू. पोलिओ झालेले मूल कुबड्या घेऊन चालताना साऱ्यांना दिसे. त्याचे चित्र भिंतीवर लावले की लोकांचा हात खिशात जाई. ल्यूपसची रोगी स्त्री मात्र वरून पाहता पुष्कळदा ठणठणीत दिसते. ती थकते, तिचे अंग दुखते, आणि घरचे म्हणतात, ‘आळशीपणा करते.’ शिवाय दोन रोग्यांची लक्षणे सारखी नसतात. जो रोग नीट दिसत नाही त्याच्यासाठी वर्गणी मागायची तरी कशी? सरकारी संस्था अनुदान देत, नाही असे नाही. पण त्यांच्यापुढे शेकडो रोग आणि हजारो अर्ज. अशा ठिकाणी बहुधा ज्याचे काम अर्धेअधिक सिद्ध झालेले आहे त्यालाच पैसा मिळतो. नव्या शंकेला कोण विचारतो? पुरावा असल्याशिवाय पैसा नाही, आणि पैसा असल्याशिवाय पुरावा नाही! विहिरीला पाणी लागल्यावर कर्ज देणाऱ्या सावकारासारखी ही गत.

ही कोंडी फोडण्याचे काम रोग्यांच्या घरच्यांनी हाती घेतले. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये एक ल्यूपस प्रतिष्ठान निघाले. १९७७ साली ल्यूपस फाउंडेशन ऑफ अमेरिका ही राष्ट्रव्यापी संस्था उभी राहिली, तर १९७८ साली इंग्लंडमध्ये ल्यूपस यूके. १९९९ साली रॉबर्ट वुड जॉन्सन या उद्योगपतींनी, स्वतःच्या मुलीला हा रोग झाल्यावर, अलायन्स फॉर ल्यूपस रिसर्च ही संस्था काढली. १९३२ साली पत्नीच्या नावाने मुंबईत जे झाले, तेच सदुसष्ट वर्षांनी मुलीच्या निमित्ताने न्यूयॉर्कला झाले. पाठोपाठ २००० साली ल्यूपस रिसर्च इन्स्टिट्यूट निघाली. तिने जाहीरच केले की, आम्हांस पूर्वपुराव्याची गरज नाही, आम्हांस नवी कल्पना पाहिजे. अशा एका कल्पनेसाठी तीन वर्षांत मिळून ३ लाख डॉलरपर्यंत ती देई. न्यूयॉर्कचे जुने प्रतिष्ठान, अलायन्स आणि ही इन्स्टिट्यूट, या तिन्ही २०१६ साली एकत्र आल्या आणि ल्यूपस रिसर्च अलायन्स ही संस्था झाली. तिच्या कार्यालयाचा खर्च आणि वर्गणी गोळा करण्याचा खर्च संचालक मंडळ स्वतः सोसते, म्हणजे देणगीदाराचा सगळा पैसा संशोधनाच्या कामाला जातो.

आता मुख्य गोष्ट. या निधीतून पैसा मिळवायचा कसा? शिक्षकबंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे.

प्रथम संस्था जाहीर करते की, अमुक प्रकारच्या कामासाठी, अमुक मुदतीत, अमुक रकमेपर्यंत अर्ज घेऊ. पुष्कळ संस्था आधी दोन-तीन पानांचे छोटे पत्र मागवतात. त्यात प्रश्न कोणता आणि तो या रोगाच्या दृष्टीने महत्त्वाचा का, एवढेच लिहायचे. या पायरीवरच बरेच जण गळतात. जे टिकतात त्यांच्याकडून पुरा अर्ज मागवतात.

पुऱ्या अर्जाचे भाग असे. एक, प्रश्न. तो एकच असावा आणि नीट असावा. ‘ल्यूपसचा अभ्यास करणे’ हा प्रश्न नव्हे. ‘अमुक पेशी काढून टाकल्या तर रोग थांबतो काय?’ हा प्रश्न. दोन, आजवर या बाबतीत इतरांनी काय शोधले त्याचा प्रामाणिक आढावा. तीन, रीत. कोणते प्रयोग, किती रोग्यांवर किंवा किती उंदरांवर, आणि उत्तर उलटे आले तर पुढे काय? चार, वेळापत्रक. पाच, खर्च. साहाय्यकाचा पगार, रसायने, उपकरणे, जनावरांचा सांभाळ, प्रत्येक बाब वेगळी. विद्यापीठाच्या दिवाबत्तीचा आणि कारकुनीचा खर्च किती धरायचा यावरही बहुतेक धर्मादाय संस्था मर्यादा घालतात, कारण वर्गणी दिली ती रोगासाठी, इमारतीच्या झाडलोटीसाठी नव्हे. सहा, माणसांवर प्रयोग असेल तर नीतिसमितीची मान्यता आणि रोग्याची समजून-उमजून दिलेली संमती. आणि सात, साध्या भाषेतला सारांश.

हा सातवा भाग वरवर किरकोळ वाटतो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. शास्त्रज्ञाने आपले काम अशा भाषेत सांगायचे की, ज्या बाईने दहा डॉलर पाठवले तिला ते कळावे. काही संस्थांत तर रोगी स्वतः अर्ज वाचणाऱ्यांत बसतात. ज्याचे जळते त्याला कळते. संशोधकाला नवलाचा वाटणारा प्रश्न रोग्याच्या जगण्यात कोठे बसतो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

मग येतात परीक्षक. हे त्याच विषयातले, पण अर्जदाराशी ज्यांचा संबंध नाही असे शास्त्रज्ञ. आपल्या मुलाचा पेपर आपण तपासायचा नाही, हा नियम शाळेत आहे तसाच येथे. अर्जदार एकाच विद्यापीठातला असला किंवा त्याच्याबरोबर पूर्वी काम केलेले असले, तर परीक्षकाने बाजूला व्हायचे. प्रत्येक अर्जाला गुण पडतात, समिती बसते, वाद होतात, आणि जेवढा पैसा आहे तेवढ्याच अर्जांपाशी रेघ ओढली जाते. रेघेखाली पुष्कळ चांगले अर्ज राहतात. नापास झालेल्यांना परीक्षकांचे शेरे पाठवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि शहाणा अर्जदार ते शेरे वाचून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो.

मंजुरी मिळाली म्हणजे सुटलो असे नाही. दरवर्षी कामाचा अहवाल आणि पैशाचा हिशेब द्यावा लागतो. पुढचा हप्ता त्यावर अवलंबून. निष्कर्ष प्रसिद्ध करावे लागतात, आणि कोणाच्या पैशाने काम झाले ते छापावे लागते. अपेक्षित उत्तर आले नाही तर तो गुन्हा मानत नाहीत, पण हिशेब लपवला तर तो गुन्हाच.

कोणी म्हणेल, एवढा कागदी घोडा कशाला? विद्वानाच्या हाती पैसा द्यावा आणि त्याला काम करू द्यावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अर्ज लिहिण्यात आणि तपासण्यात शास्त्रज्ञांचे फार दिवस जातात. शिवाय समितीतल्या जाणकारांनाही जुन्या वाटेचीच ओढ असते. बोस्टनच्या त्या उरलेल्या नळ्या कोणत्याही अर्जात लिहिलेल्या नव्हत्या. पण दुसरी बाजूही पाहा. हा पैसा कोणा राजाचा नव्हे. एखाद्या मेलेल्या मुलीच्या आईने फुलांऐवजी द्या म्हणून सांगितलेला तो पैसा असतो. तो ओळखीवर, वशिल्यावर, नावाच्या दबदब्यावर जाऊ नये, यासाठी हा कागद. मोकळीक आणि हिशेब या दोन्हींची सांगड घालणे हेच या साऱ्या खटाटोपाचे मर्म आहे.

आता फळ काय मिळाले ते सांगतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात फ्रान्झ आणि मारियान बीलशोव्स्की या दांपत्याने कर्करोगाच्या अभ्यासासाठी उंदरांचे वाण जोपासले होते. त्यांतल्या एका काळ्या वाणाच्या उंदरांचे रक्त त्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नासवते, असे १९५९ साली तेथे दिसून आले. पुढे त्याच्या संकरित पिलांना माणसाच्या ल्यूपससारखाच मूत्रपिंडाचा रोग होतो हे कळले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांना ल्यूपस तपासायला एक प्राणी मिळाला. त्या उंदरांचे वंशज आजही पाळले जातात. अमेरिकेत मेम्फिस येथील मार्को रॅडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली या वाणाच्या उंदरांवर एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. शरीरातल्याच लढाऊ पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांना प्रयोगशाळेत नवी ओळख शिकवायची, आणि परत आत सोडून त्यांच्याकरवी रोगाला कारण होणाऱ्या पेशी नाहीशा करायच्या. बिघडलेल्या जागल्यावर दुसरा जागल्या नेमावा, तसे. उंदरांचा रोग ओसरला. या कामात ल्यूपसच्या दाननिधीचा वाटा होता. २०२१ साली जर्मनीत एर्लांगेन येथे वीस वर्षांच्या एका मुलीवर हाच उपाय झाला, आणि तिचा हट्टी रोग मागे हटला. २०२२ साली तेथल्या पाच रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पाचांचाही रोग शमला होता. पाच ही संख्या लहान आहे, आणि हा उपाय फार महागडा आहे. त्यामुळे नगारे वाजवण्याची घाई करू नये. पण १९५५ सालच्या ‘शंभरांत ५१’ या आकड्यापाशी उभे राहून पाहिले, तर वाट किती चालून झाली ते दिसते. आज जेथे चांगले उपचार मिळतात तेथे दहा वर्षांनंतरही शंभरांत नव्वदांच्या आसपास रोगी हयात असतात.

दुसरे फळ सहकाराचे. ल्यूपसची आनुवंशिक कारणे शोधायला हजारो रोग्यांचे रक्त लागते. ते एका प्रयोगशाळेपाशी कोठून असणार? अलायन्सने एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवले, पैसा दिला आणि नमुने एकत्र करावयास लावले. त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ऊस एकाचा आणि चरक दुसऱ्याचा, पण गूळ सर्वांचा, अशी ही सोसायटी.

तथापि सारे काही वर्गणीने होत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५५ नंतर खास ल्यूपससाठी मान्यता मिळालेले नवे औषध अमेरिकेत २०११ साली आले. बेलिमुमॅब हे त्याचे नाव. मध्ये छप्पन्न वर्षे गेली! त्या औषधामागे कंपन्यांचा मोठा पैसा होता, सरकारी विज्ञान होते. पुढे २०२१ साली आणखी दोन औषधांना मान्यता मिळाली. दाननिधी हा मोठ्या नदीचा उगमाकडचा झरा समजावा. नदी त्याच्या एकट्याच्या पाण्याने वाहत नाही, पण वरच्या अंगाला झरे आटले तर खाली नदीही रोडावते.

आपल्या खेड्यांशी याचा काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. डॉ. आनंद नारायण मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या ग्रामीण वस्तीत पाहणी करून १९९३ साली प्रसिद्ध केले की, तेथे लाखास सुमारे तीन असे ल्यूपसचे प्रमाण आढळले. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली संधिवातवर्गीय रोगांची पाहणी झाली. गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची विचारपूस केली. सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार शंभरांत सुमारे अठरा जणांची निघाली. शहरातल्या रुग्णालयात बसून हे कळले नसते. लोकांनी दार उघडले, खरे उत्तर दिले, म्हणून कळले. वर्गणी केवळ पैशाचीच असते असे नाही, श्रोतेहो. खरी माहिती देणे हीही एक वर्गणीच आहे.

आणखी एक अनुभव ताजा आहे. २०२० साली करोनाच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर जगाची झडप पडली. आपल्या देशात हे औषध मोठ्या प्रमाणावर तयार होते. त्या मार्चमध्ये सरकारला त्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली, आणि पुढच्याच महिन्यात ती अंशतः उठली. ज्या ल्यूपसच्या रोग्यांना ही गोळी रोज लागते, त्यांना कित्येक ठिकाणी ती मिळेनाशी झाली. पुढे त्याच वर्षीच्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले की, करोनाच्या रुग्णालयातील रोग्यांना तिचा उपयोग नाही. नीट प्रश्न, नीट चाचणी आणि नीट हिशेब यांवाचून केलेली घाई कोणाच्या ताटातला घास काढून घेते, हे यावरून ध्यानात यावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी दोन गोष्टी सुचवतो. आपल्या वर्गातली एखादी मोठी मुलगी सतत थकत असेल, उन्हात गेली की तिच्या गालांवर चट्टा येत असेल, सांधे धरत असतील, तर तिला आळशी म्हणू नका. तिच्या आईवडिलांना बोलावून डॉक्टरांकडे न्यावयास सांगा. रोग लवकर ओळखला तर मूत्रपिंडे वाचवता येतात. आणि दुसरे असे की, मुलांना अर्ज लिहावयास शिकवताना ‘रजा मिळण्याबाबत’ एवढ्यावरच थांबू नका. त्यांना सांगा, ‘तुमच्या गावातला एक प्रश्न निवडा. तो एका वाक्यात लिहा. तो सोडवायला काय काय लागेल, किती दिवस आणि किती पैसा लागेल, आणि उत्तर चुकले तर काय कराल, तेही लिहा.’ गावच्या विहिरीचे पाणी खारे का झाले, एवढा प्रश्नसुद्धा पुरे. एका मुलाचा अर्ज दुसऱ्या मुलांना तपासू द्या, आणि प्रत्येक शेऱ्याचे कारण लिहावयास सांगा. उद्या त्यांतला कोणी खरोखरच एखाद्या निधीकडे अर्ज करील, तेव्हा पहिला धडा त्याला आपल्या शाळेत मिळालेला असेल.